पडद्यावरचे गवत

कार्तिकातल्या दुपारी वेल्ह्याच्या रस्त्याला लागले, की डोंगरउतारांवर एक रंग पसरलेला दिसतो, आणि इतकी वर्षे पाहूनही त्याला नाव देणे मला जमलेले नाही. पिवळा म्हणावा तर तो पिवळा नाही, तांबडा म्हणावा तर तांबडाही नाही. मंद आचेवर खरपूस भाजत आलेल्या रव्याचा जो रंग असतो, त्याच्या जवळपासचा कुठलातरी. वाऱ्याची झुळूक आली, की अख्खा उतार एका अंगाला कलतो, सावकाश सावरतो, आणि वाळल्या पात्यांची कोरडी सळसळ खालच्या रस्त्यापर्यंत उतरत येते. तिच्यात उन्हाने तापलेल्या काडीचा गोडसर वास मिसळलेला असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली आणि पालीच्या अलीकडच्या एका वाडीवरचा असा उतार डोळे भरून पाहिला. कमरेइतके गवत! जिथे दरवर्षी दसऱ्यानंतर खडक उघडे पडत, तिथे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अभंग, अस्पर्श, उभे गवत! तुम्हाला म्हणून सांगते, मला रडू आले. आनंदाचे रडू. कारण ते गवत माझ्यामुळे उभे आहे, अशी माझी समजूत होती.

मी भोरची. उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली. नोकरी संपली, पण शिकवण्याची सवय काही सुटली नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मग एका छोट्या संस्थेच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले. भोर-वेल्ह्याच्या गावांमधून हिंडायचे, आणि गुरे चरतात ते डोंगर, ती गायराने कशी राखावीत, हे लोकांना सांगायचे. काम मोठे देखणे होते. आमचे डोंगर खरोखरच उघडे पडत चालले आहेत. पावसाळ्यात कोवळ्या फुटव्यावर गुरे सुटतात, फाल्गुनात कोणीतरी काडी लावते, आणि चांगल्या गवतांचे बी मातीत पडण्याआधीच विळ्याखाली जाते. हे थांबायला हवे, ह्यात खोटे काहीच नव्हते. आणि तरीही माझ्या सांगण्यात एक खोट होती. ती मला सोडून सगळ्यांना दिसत होती.

भैरवनाथाच्या देवळाचा सभामंडप, धारा काढून झाल्यावरची दिवेलागणीची वेळ, दोन खांबांना बांधलेली पांढरी चादर आणि तिच्यावर प्रोजेक्टरने पाडलेली माझी चित्रे. आधी बोडका डोंगर, मग वणवा, मग ओढ्यातून वाहून चाललेली तांबडी माती. बायाबापड्या हळहळत. मग मी आवाज चढवून तीन नियम सांगत असे. पावसाळ्यात डोंगरावर गुरे सोडू नका, डोंगर जाळू नका, आणि बी पिकून जमिनीवर पडायला लागेपर्यंत गवत कापू नका. आणि सगळ्यांत शेवटी, हुकमाचा एक्का टाकावा तसे ते चित्र: मांडीइतके उंच, मऊ, निळसर हिरवे गवत आणि त्यात तोंड खुपसून उभी असलेली एक तृप्त गाय. “हे तीन नियम पाळा,” मी म्हणायची, “आणि पाहा, तुमचा डोंगर असा होईल!” चित्र कुठल्या मातीतले, हे मी सांगत नसे. ते होते दूरच्या सपाट मुलखातल्या, मुद्दाम पेरून वाढवलेल्या कुरणाचे. आमच्या उतारांवर बहुतेक सारी कुसळी उगवते, पिकल्यावर जिच्या बियांना सुईसारखी टोके येतात ती. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण कुसळीचे चित्र पडद्यावर काही खुलून दिसत नाही! शेवटी मी विचारायची, “समजलं का?” आणि सभामंडपभर उत्तर घुमायचे, “व्हय, समजलं!” तो होकार कानावर पडला, की घरी परतताना मला स्कूटरही हलकी वाटायची.

पालीच्या अलीकडच्या त्या वाडीत एक जुनी रीत होती. डोंगरावरचे गवत कोणी मनाला येईल तेव्हा कापायचे नाही. हौसाबाईंनी माळ उघडल्यावरच कापायचे. हा मान त्यांना सासूकडून आलेला. साठी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी बाई. जमिनीचा तुकडा नावापुरता, गोठ्यात एक गाय आणि तिची कालवड, आणि ह्या दोन जिवांवर घराची सारी भिस्त. गाय थकत आली होती. उद्याचे दूध त्या कालवडीचेच. दसऱ्याच्या आगेमागे हौसाबाई एकट्याच डोंगरावर चढत, चार ठिकाणची ताटे उपटत, आणि त्यांचा तुरा आपल्या मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवरून उलटा ओढत. तुरा मऊ लागला, की खाली येऊन सांगत, माळ उघडला. दुसऱ्या दिवशी घराघरांतून विळे निघत आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचे गवत कापले जाई. मला ही रीत फार काव्यमय वाटली. मी ती वहीत टिपून घेतली, वर ‘लोकपरंपरा’ असे वळणदार अक्षरात लिहिले, आणि पुढच्याच बैठकीत ती मोडीत काढली! दसऱ्याला बी कच्चे असते, हौसाबाई, महिना-दीड महिना थांबायला हवे, असे मी सगळ्यांदेखत सांगितले. पहिल्या रांगेत बसलेल्या हौसाबाई चादरीवरच्या त्या गाईकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमी म्हनाल तवा उघडू, बाई. शबूद दिला.” एवढे सोपे! मला वाटले, ह्यालाच म्हणतात प्रबोधन.

तर त्या कार्तिकातल्या दुपारी उताराचे फोटो मनसोक्त काढून मी वाडीत शिरले. हौसाबाईंचे दोन्ही हात हातात घ्यायचे, एवढाच विचार मनात होता. ओसरीवर कोणी नव्हते. गोठ्यातून कण्हल्यासारखा आवाज आला म्हणून वाकून आत गेले. हौसाबाई जमिनीवर बसल्या होत्या. कालवडीची मान त्यांनी मांडीवर दाबून धरली होती आणि पदराच्या ओल्या टोकाने त्या तिच्या डाव्या डोळ्याशी काहीतरी करत होत्या. त्यांच्या लुगड्याच्या काठात, पदरात, चोळीच्या बाहीत कुसळेच कुसळे रुतलेली. काय झाले, बघू, म्हणत मी पुढे झाले, आणि पाहिले. पापणीच्या आत, थेट डोळ्यात, कुसळ शिरले होते. बाहेर उरले होते ते फक्त त्याचे काळे, पिळाचे शेपूट. डोळा सुजून मिटत आला होता आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. ओठांच्या कडेलाही कुसळे, हिरड्यांतून रक्तमिश्रित लाळ. “काल धरनं असंच हाय,” हौसाबाई म्हणाल्या. “परवा माळ उघडला. तुमी सांगितलं हुतं तसं, बी पडाया लागल्यावर. कडंचा एकच भारा आनला, हिनं त्यात तोंड घातलं.”

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर सदा तयार असते. पण खरेखुरे कुसळ, खऱ्याखुऱ्या डोळ्यात रुतलेले, मी तोवर कधी पाहिले नव्हते. आणि भयंकर गोष्ट तर पुढेच आहे. कुसळ मला नवे नव्हते! वर्षानुवर्षे मी ते वर्गात दाखवीत आले होते. कापसाच्या ओल्या बोळ्यावर एक कुसळ ठेवायचे आणि मुलींना म्हणायचे, आता नीट पाहा. ओलावा लागला, की शेपटीचा पीळ उलगडू लागतो, कुसळ स्वतःभोवती फिरते, आणि अणकुचीदार टोक कापसात खोल खोल शिरत जाते. मागचे उलटे केस त्याला माघारी फिरू देत नाहीत. केवढी ही निसर्गाची योजना! कोणी न पेरता बी स्वतःला पेरून घेते! मुली टाळ्या वाजवीत. आणि आता माझ्यासमोर तेच घडत होते, तोच पीळ, तेच फिरणे; फक्त कापसाच्या जागी एका मुक्या जिवाचा ओला डोळा होता. जितके पाणी गळेल, तितके ते आत जाणार, हे मला ठाऊक होते. मग बी पडेपर्यंत थांबा असे सांगताना हे ज्ञान कुठे गेले होते? ते वर्गात राहिले होते का, फळ्याशेजारच्या कपाटात, कापसाच्या डबीत?

मी वेल्ह्याला फोन लावला. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले, शेजारचे चौघे धावून आले, कालवडीला आडवे पाडून धरले गेले. चिमट्याने एक कुसळ निघाले, त्यामागे दडलेले दुसरे निघाले. डॉक्टर तरुण होते, दिवसभर फिरून वैतागलेले होते. “डोळ्यात फूल पडणार,” ते म्हणाले. “हा डोळा गेला असंच धरा. पण मला एक सांगा, कुसळी इतकी पिकेपर्यंत ठेवलीच कशाला? तुम्हाला काय नवं आहे का हे?” चौघांपैकी प्रत्येकाला उत्तर माहीत होते. आणि माझ्याकडे कोणीही पाहिले नाही! चुकूनसुद्धा नाही. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. हौसाबाई तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, “चुकलं आमचं.” मी तोंड उघडले. ‘ह्यांचे नाही, माझे चुकले’ हे चार शब्द जिभेपर्यंत आले होते. ते बाहेर पडले नाहीत. डॉक्टर बॅग आवरून निघून गेले, आणि ज्या बाईने उभ्या जन्मात वर्गातल्या मुलींना खरे बोलायला शिकवले, ती गोठ्याचा खांब धरून नुसती उभी राहिली.

भिकूदादा म्हणून वाडीतले एक जाणते गृहस्थ आहेत. कालवड धरणाऱ्यांत तेही होते. मला स्कूटरपर्यंत सोडायला ते बरोबर निघाले. मी भीत भीत विचारले, बाकीच्यांच्या गुरांचे काय? किती जणांची अशी झाली? भिकूदादा टोपी काढून डोके खाजवू लागले. “बाकीची बरी हायेत,” ते म्हणाले. बरी कशी? गवत तर सगळ्यांचे तेच! ते मला घेऊन डोंगराच्या धारेपर्यंत चढले. पलीकडचा उतार पाहून मी जागच्या जागी थबकले. तो स्वच्छ कापलेला होता. कधीचाच. खुंटांतून नवे हिरवे पोपटी फुटवे आलेले. “मागली बाजू आमी दसऱ्यालाच कापली, बाई, माळ उघडायची वाट न बघता,” भिकूदादा म्हणाले. “रस्त्याकडनं दिसती तेवढी ठिवली. तुमी एवढ्या लांबनं येता, पावसापान्याचं, पोटतिडकीनं सांगता. फोटू काढता. तुमचं मन कसं मोडायचं?” आणि हौसाबाई? “तिचा वाटा औंदा सगळाच रस्त्याकडं आला. आमी म्हनलं, मागनं आमच्यातलं कापून ने. न्हाई ऐकली. शबूद दिलाय म्हनली.”

मी तिथेच एका दगडावर बसले. खाली तो उतार, ज्याच्याकडे पाहून काही तासांपूर्वी माझे डोळे भरून आले होते! पाहुण्याच्या ताटात वाढून ठेवावे, तसे ते गवत त्यांनी माझ्यासाठी वाढून ठेवले होते. किती सभामंडपांत किती वेळा मी तो ‘व्हय, समजलं’ ऐकला, आणि त्याला संमती समजून घरी घेऊन आले! दारी आलेल्याला तांब्याभर पाणी द्यावे, तसा तो होकार होता. त्यात तुच्छता नव्हती, कपट तर नव्हतेच. होती ती निखळ माया आणि जरासे कीव केल्यासारखे काहीतरी. मी नियम सांगत होते, ते मला सांभाळून घेत होते. सगळ्या वाडीत माझ्यावर विश्वास ठेवला होता तो एकाच बाईने, आणि नेमकी तिलाच त्याची झळ बसली. ज्या घरांनी माझे ऐकले नाही, त्यांतल्या एकाचेही काही बिघडले नाही! आयुष्यभर शिकवण्याचा व्यवसाय केलेल्या माणसाला ह्याहून वेगळी शिक्षा काय असते?

पण तसेच निघून जाववेना. मी पुन्हा वाडीत उतरले. हौसाबाई ओसरीवर बसून पदरातली कुसळे एकेक करून उपटत होत्या, शेजारी त्यांची लहानशी रास झाली होती. मी समोर बसले आणि अखेर ते शब्द बोलले, की चूक तुमची नाही, माझी आहे. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळले नाही. मग मी मला छळत असलेला प्रश्न विचारला. तुम्हाला तर मनगटावरच कळत होते ना? मग थांबलात कशा?

“दसऱ्याला म्या वर गेल्ते, बाई,” त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. “वढून बघितलं. मऊ हुतं. आजच उघडावा आसं मनात लई आलं. पर तुमच्या चादरीवरच्या गवताला कुसळ न्हवतं. म्या निरखून बघितलं की. एक बी न्हवतं. म्हनलं, बाई सांगत्यात तसं केल्यावर आपल्या बी गवताचं कुसळ जात आसंल. तुमी म्हनला न्हवता का, तुमचा डोंगर आसा हुईल?”

एक आघात माणूस सोसतो, दुसऱ्याने डळमळतो. पण ह्या तिसऱ्याने मी सुन्न झाले. इतका वेळ मला वाटत होते, की हौसाबाई भिडेखातर थांबल्या, दिलेल्या शब्दाखातर थांबल्या. तसे नव्हते. त्या आशेने थांबल्या होत्या! साऱ्या सभामंडपात ते चित्र खऱ्या अर्थाने पाहिले ते त्यांनीच. मी गाईची तृप्ती दाखवीत होते, आणि त्या त्या गवताचा तुरा शोधत होत्या, जिथे कुसळ असायला हवे तिथे ते नाही, हे टिपत होत्या. बाकीच्यांनी चित्र पाहिले आणि सोडून दिले. हौसाबाईंनी त्याच्याशी आपला डोंगर ताडून पाहिला, आणि जन्मभर सोबत असलेले कुसळ जाऊ शकते, असे एक शिकलेली बाई सांगते आहे, हे खरे मानले. पडद्यावर उजेड टाकून परक्या मातीतले गवत दाखवण्यापूर्वी माझ्या जिवाला जरा तरी टोचायला नको होते का?

आपण शिकवतो म्हणजे नेमके काय करतो, ह्याचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. डोंगर राखावा, हे खरेच. तो जाळू नये, पावसाळ्यात कोवळ्या कोंबांना उसंत द्यावी, हेही खरे. आणि वाडीने ह्या दोन गोष्टी मनापासून उचलल्या होत्या, कारण त्या त्यांच्या अनुभवाशी जुळत होत्या. तिसऱ्या नियमातही तथ्य होते. बी पडलेच नाही, तर चांगले गवत टिकणार कसे? पण कुठले गवत, किती, कुठल्या कोपऱ्यात, आणि तोवर गोठ्यातल्या तोंडांनी खायचे काय, हे प्रश्न माझ्या चित्रात मावत नव्हते म्हणून मी ते विचारलेच नाहीत. ज्ञान अर्धे असले तर ते धोक्याचे, असे म्हणतात. माझे तर पुरते होते. कापसावरचे कुसळ मला माहीत होते, मनगटावरची परीक्षा वहीत लिहिलेली होती. दोन्हींची गाठ घालून दिली नव्हती, एवढेच.

पुढच्या आषाढात मी त्याच सभामंडपात गेले, ती चादर न घेता. उभी राहिले आणि डॉक्टरांसमोर जे बोलले नव्हते ते सगळ्यांसमोर बोलले. ते चित्र आपल्याकडचे नव्हते, हे सांगितले. आपल्या गवताचे कुसळ कोणी काही केले तरी जाणार नाही, हेही सांगितले. ते सांगताना हौसाबाईंकडे पाहणे फार अवघड गेले. लोक संकोचले. कोणीतरी म्हणाले, “जाऊ द्या बाई, हुतं आसं.” पुन्हा तीच माया! मी म्हटले, आज मला माया नको आहे. माळ कधी उघडायचा ते हौसाबाई ठरवतील, पण बियांसाठी एक पट्टी राखायची आहे. ती ओढ्याकडेला ठेवू या का? भिकूदादा घसा खाकरून म्हणाले, “न्हाई बाई. तिथं न्हाई जमायचं. बी वाऱ्यानं खाली येतं, पट्टी वरच्या अंगाला पायजे. अन् तिला काट्याची वई घाला, कुसळ झडूस्तवर जनावर आत जाता कामा नये.” इतक्या बैठकांमध्ये ह्या वाडीने मला दिलेला तो पहिला नकार! त्यानंतर जी वादावादी सुरू झाली, ती मी मध्येच थांबवली नाही.

यंदाच्या दसऱ्याला हौसाबाईंनी माळ उघडला. वरची पट्टी काट्यांच्या वईआड उभी आहे, बाकीचा उतार वेळेवर कापून झाला, रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो ओकाबोकाच दिसेल. मी आता फोटो काढत नाही. गवताचे भारे पाहून झाल्यावर गोठ्यात डोकावले. ती कालवड आता भरली आहे, गाभण आहे, अंगावर तुकतुकी आली आहे. तिच्या मानेवरून हात फिरवावा म्हणून मी पुढे झाले, तशी ती एकदम दचकली, दावे ताणून मागे सरली, भिंतीला धडकली. माझ्या बाजूच्या डोळ्यावर दुधासारखे पांढरे फूल होते. मी येते आहे हे तिला दिसलेच नव्हते.

“बाई, तिकडनं नका जाऊ,” मागून हौसाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता; रोजची एखादी साधी गोष्ट सांगावी तसा तो होता. “हिकडनं या. हितनं दिसतं तिला.”

मी हात मागे घेतला, वळसा घालून उजव्या अंगाला गेले, आणि ती आपणहून मान पुढे करीपर्यंत तशीच उभी राहिले.